सुतकातला नारळ

माझ्या बायकोची, सुभद्राची, राख सावडून आम्ही घरी आलो तेव्हा राजकुमार माझ्या ओसरीवर सतरंजी टाकून बसला होता. सोबत गावातली चार-पाच माणसं. दुःखाच्या घरी माणसं बसायला येतातच, म्हणून मला वेगळं काही वाटलं नाही. मी भिंतीला टेकलो. मग राजकुमारनं खाकरून विचारलं,

"भाऊ, दहावं-तेरावं एकत्रच उद्या उरकून घ्यायचं का?"

मला आधी समजलंच नाही.

"उद्या?"

"आजकाल सगळेच करतात. मेहकरात तर तिसऱ्या दिवशी गोड जेवण घालून माणूस दुकान उघडते. अन् सरकार काही आपलं सुतक पाळत नाई."

सरकारचं नाव आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. सरपंचाची निवडणूक लागली होती. अर्ज मागं घ्यायचा शेवटचा दिवस सुभद्राच्या दहाव्याच्या आधी येत होता.

हे नीट सांगायला हवं. मी आमच्या गावचा पाटील. कागदावर नाही. कागदावरची पाटीलकी सरकारनं माझ्या वडिलांच्या काळातच काढून घेतली. आता पोलीस पाटील असतो, तो परीक्षा देऊन होतो. आमचा पोलीस पाटील म्हणजे जानेफळला क्लास लावून पास झालेला पोरगा, मला काका म्हणतो. शेतसारा गेला, कचेरी गेली, पण एक रिवाज राहिला. सरपंचाची निवडणूक लागली की अर्ज कोणीही भरायचा. मग माघारीच्या आदल्या दिवशी पाटलानं मारुतीच्या पारावर जायचं आणि एकाच्या हातात नारळ द्यायचा. बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी मेहकरच्या तहसीलला जाऊन अर्ज मागं घ्यायचे. आमदारकीची मतपेटी गावात आली, जिल्हा परिषदेची आली, सरपंचाची कधी आली नाही. बिनविरोध गाव म्हणून लोक आमचं नाव घ्यायचे. डोणगावच्या बाजारात भेटलेला माणूस विचारायचा, तुमच्याकडं भांडणं कशी होत नाहीत हो? मला बरं वाटायचं.

नारळाला हळदकुंकू सुभद्रा लावायची. आणि सुतकातल्या माणसानं पाराची पायरी चढायची नाही, नारळाला हात लावायचा नाही, हाही रिवाजच.

राजकुमार माझा भाऊबंद, पण लांबचा. त्याचं घर चार पिढ्यांपूर्वी वेगळं झालेलं, त्यामुळं त्याला सुतक तीनच दिवसांचं. या वेळी सरपंचपद सर्वसाधारण महिलेला सुटलं होतं. राजकुमारच्या बायकोनं, करिष्मानं, अर्ज भरला होता. विमलबाईनं भरला होता, पण ती शब्दावर मागं घेणारी बाई. तिसरा अर्ज भीमनगरातल्या धम्मशीलाचा. ती बचत गट चालवते. मागं राखीव जागेवर पंचायतीची सदस्यही होती, तेव्हा कोणाचं काही म्हणणं नव्हतं. आता खुल्या जागेवर अर्ज भरला म्हटल्यावर गावाच्या घशात ते अडकलं. आणि तिनं उघड सांगितलं होतं की अर्ज मागं घेणार नाही.

"नारळ पडला की घेते मागं," राजकुमार म्हणाला. "गावाच्या इरोधात जायची हिंमत तिच्या लोकाईत नाई. पण नारळ तुमच्या हातचा पाह्यजे, भाऊ. म्हून म्हणतो, सुतक उद्या फेडून घेऊ. महाराजाले इचारलं म्या, चालते म्हणे."

कारभारीबुवा माझ्याच वयाचे, तोंडानं फटकळ. ते कोपऱ्यातून म्हणाले, "बायकोले सरपंच करायची घाई अन् वहिनीले वर पाठवायची घाई, दोन्ही एकाच दिवशी काऊन काढली बे?"

"बुवा, मी गावासाठी बोलून राह्यलो."

"हाव, दिसते ना. गाव तुह्याच घरात झोपते."

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. सगळे माझ्याकडं पाहू लागले. मी आतून आवाज येण्याची वाट पाहत होतो.

आमच्या घरात असं होतं. ओसरीवर माणसं बसली की सुभद्रा दाराआड काम करत राहायची. माझं बोलणं तिला पटलं नाही की ती भांडं जोरात ठेवायची. पाण्याचा पितळी गुंड असला तर ओसरीवरच्या माणसालाही कळायचं. मी मग म्हणायचो, "बरं, उद्या सांगतो." चाळीस वर्षं लोक मला विचारी माणूस म्हणत आले. त्यातला अर्धा विचार त्या गुंडाचा होता. त्या दिवशी आत माझी सून अनुपमा होती, पण ती भांडी हळू ठेवते.

"दहावं दहाव्याच दिवशी होईल," मी म्हणालो.

राजकुमार उठला. "इचार करा, भाऊ. मतदान झालं तर गाव दोन होईल. मंग म्हणू नका."

संध्याकाळी शेखर माझ्याजवळ येऊन बसला. माझा एकुलता मुलगा, पुण्याला कंपनीत आहे. तिकडं राहून त्याची भाषा बदलली. डोक्याचा चकोट केल्यामुळं तो लहानपणीसारखा दिसत होता.

"बाबा, राजूकाका म्हणतात ते इतकं चुकीचं नाही. आईला आता काय फरक पडतो?"

"मले पडते."

"मलाही सुट्टी वाढवून मागावी लागेल. आणि तुम्ही नारळ दिला नाही तर लोक म्हणतील पाटीलकी संपली."

"तुले पाटीलकी पाह्यजे?"

तो म्हणाला, "मला गावात भांडण नको."

त्याला दोष द्यावा असं त्यात काही नव्हतं. पण आईची राख सावडलेल्या हातानं तो हे बोलत होता. मी उठून गोठ्यात गेलो. सुभद्रा गेली त्या सकाळी ती गुरांसाठी सरकीची ढेप भिजवायला निघाली आणि गोठ्याच्या दारातच पडली होती. टोपलं सांडलं होतं. कोणीतरी ते उचलून खुंटीला लावून ठेवलं होतं, स्वच्छ धुऊन. ते टोपलं धुतलं नसतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. का, ते सांगता येत नाही.

दोन-तीन दिवसांनी धम्मशीला आली. पूर्वी तिच्या वस्तीची माणसं ओसरीखाली उभं राहून बोलायची. ती वर आली आणि सतरंजीवर बसली. तिचा नवरा प्रेमानंद खाली चपलांपाशीच थांबला. अनुपमानं पाणी दिलं. धम्मशीला ते प्यायली आणि तिनं तांब्या बाजूला ठेवला.

"पाटलीणबाईचं वाईट झालं," ती म्हणाली. "नळाच्या पाण्यावरून माहं-त्याईचं लई वाजलं होतं. पण बाई तोंडावर बोलत, मागून नाई."

"हाव."

"पाटील, मी नारळ मागाले नाई आली. आधीच सांगते."

"मंग?"

"आमच्या लोकाईचं दळण चक्कीवाला घेऊन नाई राह्यला. याईले कामावरून बंद केलं." तिनं प्रेमानंदकडं मान केली. "फवारणीचे दिवस अन् माणूस घरी. इचारलं तर म्हणतात, पाटलाचा नारळ पडू दे, मंग पाहू. तुमच्या नावानं चालू हाय हे सगळं."

"म्या कोणाले सांगितलं नाई."

"मले माईत हाय. म्हून तर आली. पारावर या अन् एवढंच सांगा का या खेपी नारळ नाई."

मी म्हणालो, "माह्या घरात सुतक हाय. मी पाराची पायरी नाई चढू शकत."

"पोलिसात जावं म्हटलं तर तक्रार लिहून घेतील. पण मंग रात्रंदिवस राह्यचं तर याच गावात ना? मत मागाले मले तुमचा शब्द नाई लागत, पाटील. मत मी मागते. पण दळण आणाले तुमचा शब्द लागून राह्यला. हे बरोबर हाय का, तुम्हीच सांगा."

मी सुतकाचंच पुन्हा बोललो. ती उठली. जाताना तिनं घराला नमस्कार केला, मला नाही.

तिचा राग येण्याऐवजी मला स्वतःचाच संताप आला. एकीकडं राजकुमारला मी बाहेर यायला हवा होतो, दुसरीकडं हिला. मला कुठंच जायचं नव्हतं. मला माझ्या बायकोचं दुःख तिच्या दिवसांइतकं करू द्या, एवढंच मला हवं होतं. पण घरात बसून राहणं म्हणजेही चक्कीवाल्याला काहीतरी सांगणंच होतं, हे त्या बाईनं मला दाखवून दिलं होतं.

माघारीच्या आदल्या दिवशी दुपार कलली तेव्हा पाराकडून डफड्याचा आवाज आला. आमच्याकडं नारळाच्या दिवशीच तसं डफडं वाजतं. मी अनुपमाला हाक मारली.

"काय हाय पारावर?"

तिनं पदराशी चाळा केला. "मामाजी, राजूकाका नारळ देऊन राह्यले. तुमच्या नावानं."

"माह्या नावानं?"

"ह्याईनं सांगितलं त्याईले. बाबाची हरकत नाई म्हून."

शेखर आतल्या खोलीत फोनवर होता. त्यानं मला पाहिलं आणि फोन कानापासून काढला. मी त्याला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो खोटं बोलला असता, आणि त्या दिवसांत मला ते सोसलं नसतं. मी अनवाणी तसाच निघालो.

"मामाजी, सुतक हाय!" अनुपमा मागून म्हणाली.

गल्लीत बाया मला पाहून बाजूला झाल्या. एकीनं पोराला आत ओढलं. वाटेत मी विचार केला. राजकुमार खोटं बोलतो असं सांगावं, तर दिवस मावळेपर्यंत वाद चालेल. तो शेखरला साक्षीला बोलावेल, आणि माझा मुलगा गावासमोर उघडा पडेल. त्यापेक्षा नारळालाच हात लावावा. सुतकाचा हात लागला की नारळ बाद. कोणाला खोटं पाडायला नको. मला हे शहाणपणाचं वाटलं.

पारावर गाव जमलं होतं. राजकुमार टोपी घालून उभा, हातात हळदकुंकू लावलेला नारळ. करिष्मानं पदर पुढं धरला होता. भीमनगरातली माणसं एका बाजूला, धम्मशीला त्यांच्या पुढं. डफडं थांबलं. मी पायरी चढलो आणि राजकुमारच्या हातातून नारळ घेतला.

करिष्मानं पदर झटकन मागं घेतला.

"भाऊ!" राजकुमार ओरडला. "हे काय केलं? सुतकाचा हात लावला!"

"लागला," मी म्हणालो. "आता हा नारळ चालत नाई. नारळ नाई, तर कोणाले माघार घ्यायचं कारण नाई."

गर्दीत कुजबूज झाली. राजकुमारचं तोंड लाल झालं होतं. "ठीक हाय! मंग सुतकात निवडणूकबी नाई. आपण सगळेच अर्ज मागं घेऊ. बसू द्या सरकारचा प्रशासक!"

दोघाचौघांनी हाव हाव केलं. कारभारीबुवा खालून म्हणाले, "अबे येड्या, सगळ्याईनं मागं घेतल्यावर ही धम्मशीला एकटीच उरते. मंग बिनविरोध सरपंच कोण होते, तुहा बाप?"

लोक हसले. राजकुमारही क्षणभर गोंधळून करिष्माकडं पाहत राहिला. मला वाटलं, मिटलं. मी नारळ पाराच्या कडेला ठेवला आणि उतरायला वळलो.

"थांबा, पाटील," धम्मशीला म्हणाली.

प्रेमानंद तिचा हात धरून मागं ओढत होता. तिनं हात सोडवला.

"तुम्ही नारळ बाटवला म्हून आता मी उभी राहू शकते. असंच ना?"

"तसं समज."

"तसं कसं समजू? माह्या आज्याचा धक्का लागला म्हून याच पारावरून नारळ फेकला होता. त्याले मार पडला तो येगळा. आज तुमचा हात लागला म्हून फेकता. अन् मी काय करू? खुशीनं हात जोडू?"

मी तिचं भलं केलं, अशी माझी समजूत होती. तिच्या लोकांना ज्या काठीनं मारलं, तीच काठी मी तिच्यासाठी उगारली होती, हे मला खरोखर सुचलं नव्हतं. गावात पासष्ट वर्षं काढूनही सुचलं नव्हतं. मला सुभद्राची आठवण आली. ती असती तर मी घराबाहेर पडण्याआधीच गुंड आपटला असता.

"तुह्यं बरोबर हाय," मी म्हणालो. "हा नारळ चांगला असता तरी तो द्यायचा हक्क मले नव्हता. माह्या बापालेबी नव्हता. आम्ही देत राह्यलो, तुम्ही घेत राह्यले. आता नाई. या खेपी नाई अन् पुढंबी नाई. ज्याले उभं राह्यचं त्यानं राह्यचं, ज्याले मत द्यायचं त्यानं द्यायचं. अन् चक्की उद्यापासून सगळ्याईसाठी चालली पाह्यजे. कोणाचं काम बंद करायचं नाई."

चक्कीवाला खाली मान घालून उभा होता. कारभारीबुवांनी डोळे बारीक केले.

"हे पाटील म्हून सांगून राह्यले का, तुळशीराम? पाटील म्हून सांगत असान तर गाव ऐकते. नाई तर काऊन ऐकावं कोणी?"

बुवांचा टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी धम्मशीलाकडं पाहिलं. तिनं नजर हटवली नाही, पण मदतही केली नाही.

"हाव," मी म्हणालो. "पाटील म्हून सांगतो."

ते बोलताना मला लाज वाटली. दुसरं काही बोललो असतो तर त्या बाईच्या घरी दुसऱ्या दिवशी पीठ आलं नसतं.

घरी आलो तेव्हा अनुपमानं अंगणातच बादली ठेवली होती. मी कपड्यांसकट अंगावर पाणी घेतलं. जे दिवस कमी करायला मी नकार दिला, ते मीच मोडून आलो होतो. महाराजांना विचारलं तर काही प्रायश्चित्त सांगतील. मी विचारलं नाही. शेखर ओसरीवर उभा होता.

"बाबा, मला वाटलं तुम्ही थकलात. म्हणून सांगितलं मी काकांना."

"थकलोच हाय," मी म्हणालो. "पण माह्याकडून तू बोलू नको."

दहाव्याला नदीवर भाऊबंदांपैकी कोणी आलं नाही. कारभारीबुवा आले, आणखी दोघं-तिघं आली. गावात निरोप फिरला होता की तुळशीरामनं घराण्याचा मान पाण्यात टाकला. चक्की सुरू झाली. भीमनगराचे डबे वेगळ्या ओळीत, शेवटी दळतात, असं अनुपमानं ऐकून आणलं. प्रेमानंदला एकानं कामावर घेतलं, दुसऱ्यानं नाही. विमलबाईनं अर्ज मागं घेतला. करिष्मा आणि धम्मशीला, दोघींचे अर्ज राहिले.

तेरवीच्या दिवशी गावात पहिल्यांदा सरपंचाच्या प्रचाराची गाडी फिरली. ऑटोला भोंगा बांधलेला. आधी करिष्माची आली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर भोंगा बंद झाला आणि गाडी घरासमोरून मुकाट्यानं गेली. राजकुमार जेवायला आला नव्हता, पण एवढं त्यानं पाळलं. माझे डोळे भरून आले, हे मी लपवत नाही.

थोड्या वेळानं धम्मशीलाची गाडी आली. तिचा भोंगा बंद झाला नाही. शिलाई मशीन, शिलाई मशीन, ताई-माई-अक्का, विचार करा पक्का, असं ओरडत ती दारासमोर आली. सुभद्राच्या फोटोसमोर समई होती, पान वाढलेलं होतं. शेखर तरातरा उठला.

"एवढं केलंत तुम्ही यांच्यासाठी. दोन मिनिटं बंद करता येत नाही यांना?"

"बस खाली," मी म्हणालो.

"बाबा, आईची तेरवी आहे!"

"मले माईत हाय कोणाची तेरवी हाय ते. बस."

मलाही तो आवाज लागत होता. सुभद्राला गोंगाट सोसत नसे. ती असती तर उठून दार लोटून घेतलं असतं आणि त्या बाईला दुसऱ्या दिवशी नळावर बोललीही असती. पण मी जर आत्ता गाडी थांबवली असती, तर ती थांबली असती. ऑटोवाला पोरगा माझ्याकडंच पाहत होता, गाडी हळू करून. मी हात केला असता की भोंगा बंद.

मी हात मांडीवर ठेवून बसलो. पोरगा काही वेळ वाट पाहत राहिला, मग त्यानं गाडी पुढं काढली. मारुतीकडं वळेपर्यंत आवाज येत होता.

"पानं घे," मी शेखरला म्हणालो.

माणसं थोडीच होती. एक पंगतही पुरी भरली नाही. वरण संपलं, भात बराच उरला. अनुपमानं तो झाकून ठेवला आणि कोणाला द्यायचा म्हणून विचारलं. मी म्हणालो, जो दारात येईल त्याला दे.